तळं निळं नव्हतं

कॅल्गरीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरी दोन फोटो हमखास सापडतात. एक गणपतीतला, मंडळाच्या आराशीसमोर सगळं घर नटूनथटून उभं असलेला; आणि दुसरा मोरेन लेकचा. भारतातून कोणीही आलं की त्यांना बॅन्फला न्यायचं, लेक लुईस दाखवायचं, आणि हवा बरी असली तर पुढे चौदा किलोमीटरवर मोरेन लेक. समोर दहा शिखरांची रांग आणि खाली डोळ्यांवर विश्वास बसू नये असं निळं पाणी. पाहुणे म्हणतात, "अगं, हे कॅलेंडरवर पाहिलं होतं. मला वाटलं, रंगवलेलं असणार!"

आमच्याही घरी या तळ्याचा एक फोटो आहे. पण त्यात तळं निळं नाही. करडं आहे. अर्ध्या पाण्यावर बर्फाचा विरत चाललेला थर आहे, काठाला चिखल आणि दगड उघडे पडलेले आहेत, आणि दहा शिखरांपैकी तीन-चारच काय ती ढगांतून डोकं वर काढतात. भरीस भर म्हणजे सगळा फोटो डावीकडे कलला आहे, जणू आता पाणी सांडेल. चित्र म्हणून त्याला कोणी दहात दोन गुणही देणार नाही. माझ्या लेखी मात्र घरातल्या फार थोड्या वस्तूंना त्याच्याइतकं मोल आहे.

या फोटोवरून गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला. फोटो खरा आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो? आणि तो खरा नसला, पण त्याने एखाद्याला आनंद झाला, तर बिघडलं कुठे? प्रश्न वरवर साधा वाटतो. पण परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या आयुष्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे असं मला वाटतं, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने तो आपल्यापुढे ठेवते आहे.

आधी फोटोची हकीकत सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, वाईला एका सहकारी बँकेत रोखपाल होते. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. निवृत्त झाल्यावर १९९४ च्या एप्रिलमध्ये आई आणि अण्णा पहिल्यांदा आमच्याकडे आले. आषाढीला पंढरपूर चुकवायचं नाही, आणि निघण्याआधी घरची तयारी हवी, म्हणून परतीचं तिकीट १२ जूनचं काढलेलं. आल्या आल्या अण्णांचं लक्ष गेलं ते इथल्या नोटांकडे. तेव्हा जुन्या मालिकेतल्या, १९६९ आणि १९७९ सालच्या, वीस डॉलरच्या हिरव्या नोटा अजून हातात यायच्या. पुढे राणीचं चित्र आणि मागे मोरेन लेक. अण्णांनी ती नोट उजेडात धरली, उलटसुलट केली, अंगठ्याने कागद चाचपला आणि विचारलं, "ही जागा कुठे आहे?"

म्हणून रविवारी, ५ जूनला आम्ही गेलो. ज्यांना इथला ऋतू ठाऊक आहे ते इथेच हसतील. हे तळं सुमारे १८८५ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही वर. त्याचा तो सुप्रसिद्ध निळा रंग पाण्याचा स्वतःचा नव्हे. हिमनद्या खालचा खडक दळत सरकतात, त्यातून पिठासारखी बारीक भुकटी तयार होते, बर्फ वितळलं की ती पाण्याबरोबर तळ्यात उतरते आणि तरंगत राहते. तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळा-हिरवा भाग आपल्याकडे परत येतो. हे सगळं व्हायला उन्हाळा चढावा लागतो. तळं पुरतं भरतं ते बहुधा जूनच्या उत्तरार्धात. पाच जूनला पीठ दळायला नुकतीच सुरुवात झालेली असते म्हणा ना!

त्या दिवशी ह्यांची शिफ्ट होती, म्हणून गाडी मी चालवली होती. मुलगा दीड वर्षाचा, मागच्या सीटवर गाढ झोपलेला. मी त्याच्यापाशी थांबले आणि आई-अण्णा दोघंच त्या दगडांच्या ढिगावर चढून गेले, जिथून नोटेवरचं दृश्य दिसतं. अर्ध्या तासाने परत आले. अण्णा एवढंच म्हणाले, "नोटेवर पाणी जास्त आहे."

परतण्याआधी रोल धुऊन आणला. अण्णांची एक सवय होती. प्रत्येक फोटोच्या मागे ते बॉलपेनने चार ओळी लिहायचे आणि खाली सही करायचे, पासबुकातली नोंद करावी तशी. मी एकदा चिडवलं होतं, "अण्णा, फोटोला कशाला सही?" ते म्हणाले, "नोटेवरसुद्धा गव्हर्नरची सही असते. ती नसेल तर तो नुसता छापलेला कागद."

मोरेन लेकच्या त्या फोटोमागे त्यांनी लिहिलं आहे: "रविवार, ता. ५-६-९४. मोरेन तळे. पाणी निळे नव्हते, बर्फ होते. नोटेप्रमाणे नाही. सौ. चा पाय घसरत होता म्हणून हात धरला होता, सबब फोटो एका हाताने काढला. वाकडा आला आहे." आणि खाली सही.

आमच्या अण्णांनी चारचौघांत आईचा हात धरलेला मी कधी पाहिला नाही. त्या दिवशीही पाहिला नाही. मी खाली गाडीत होते. मला तो दिसतो तो फक्त या चार ओळींत आणि फोटोच्या त्या कललेपणात. २००९ साली अण्णा गेले. दगडांच्या त्या ढिगावर काय झालं हे जाणणारं माणूस आता एकच, आई.

२०२३ मध्ये पुण्याला दादाच्या घरी आईचं सहस्रचंद्रदर्शन झालं. गाडीत झोपलेला तो दीड वर्षाचा मुलगा आता तिशीचा झाला आहे. त्याने आजीसाठी काहीतरी खास करायचं ठरवलं. त्याने हा फोटो स्कॅन केला, संगणकावर सरळ केला, बर्फ काढलं, ढग बाजूला सारले, दहाच्या दहा शिखरं आणली आणि तळं निळंशार केलं. हल्ली हे काम काही मिनिटांचं आहे. मोठी प्रिंट काढून, चौकट करून, विमानातून जपत नेली. पाहुण्यांमध्ये त्या फोटोचं खूप कौतुक झालं. आईने तो आपल्या पलंगासमोरच लावून घेतला.

अलीकडे आईचं विस्मरण वाढलं आहे. नावं इकडची तिकडे होतात, सकाळी जेवलेलं संध्याकाळी आठवत नाही. काही महिन्यांनी रविवारच्या फोनवर ती आपण होऊन म्हणाली, "केवढं निळं होतं गं ते तळं! ऊन काय छान पडलं होतं. तुझे अण्णा म्हणाले, तुझ्या लग्नातल्या शालूचा रंग आहे हा."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

मुलाला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "आजी खूश आहे ना? मग प्रॉब्लेम काय आहे?" हा उडवून लावण्यासारखा प्रश्न नव्हता. तो पुढे म्हणाला, "आई, कुठलाच फोटो खरा नसतो. तुझा फोन फोटो काढतो तेव्हा तोसुद्धा आपल्या मनाने रंग ठरवतो, सावल्या उजळतो. जुन्या फिल्मचंही तसंच होतं. आणि तळं निळं असतंच की! फक्त त्या दिवशी नव्हतं."

त्याचं म्हणणं मी नीट तपासून पाहिलं, आणि पुष्कळसं पटलंही. निसर्गाच्या फोटोंच्या बाबतीत ज्याचं नाव आदराने घेतात त्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचंच उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात हर्नांडेझ नावाच्या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा त्याचा १९४१ सालचा फोटो जगप्रसिद्ध आहे. खाली लहानसं चर्च, दफनभूमीतले उजळलेले क्रूस आणि वर काळंभोर आकाश. ते आकाश त्या संध्याकाळी इतकं काळं नव्हतं. अ‍ॅडम्सने पुढच्या काही दशकांत त्याच निगेटिव्हच्या शेकडो प्रती स्वतः काढल्या, आणि डार्करूममध्ये ते आकाश उत्तरोत्तर अधिक गडद करत नेलं. त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही, कारण आपण हे कसं केलं हे त्याने कधी लपवलं नाही. उलट पुस्तकं लिहून शिकवलं.

आणि आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? गावोगावच्या फोटो स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असायचा. त्यावर ताजमहाल, कारंजं किंवा संगमरवरी जिना. पुढे कोट घातलेला शेतकरी आणि इरकली लुगड्यातली त्याची बायको. आमच्या वाईच्या घरात आजी-आजोबांचा जो एकत्र फोटो होता, तो तर जोडफोटो होता. दोघांनी शेजारी बसून फोटो कधी काढलाच नव्हता. दोघं गेल्यानंतर दोन वेगवेगळ्या फोटोंतून स्टुडिओवाल्याने त्यांना शेजारी बसवलं, आजीच्या कपाळावर कुंकू ब्रशने रंगवलं आणि कोपऱ्यात आपलं नाव घातलं. त्या फोटोला आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला आहे. तो खोटा होता असं मला कधीही वाटलं नाही.

मग मुलाच्या निळ्या तळ्यानेच मी का अस्वस्थ व्हावं? विचार करता करता फरक हळूहळू ध्यानात आला. पडदा हा पडदा आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जोडफोटो जोडलेला आहे हे घरात प्रत्येक जण सांगायचा, आणि ती कारागिरी करणाऱ्याचं नाव कोपऱ्यात होतं. त्या चित्रांनी कोणाच्या आठवणीची जागा घेतली नाही, रिकामी जागा भरली. निळ्या तळ्याने मात्र एक आठवण उठवून तिच्या जागी दुसरी बसवली, आणि हा बदल झाला हे जिच्या बाबतीत झालं तिलाच माहीत नाही.

हे फक्त विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या माणसांचं होतं असं समजू नका. २००२ साली किंबर्ली वेड आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस धडधाकट प्रौढांना त्यांच्या लहानपणचे काही फोटो दाखवले. त्यात एक बनवलेला होता: ते लहान असताना गरम हवेच्या फुग्यात बसले आहेत असा. प्रत्यक्षात ते कधीच बसले नव्हते. दोन आठवड्यांत तीन वेळा विचारपूस केल्यावर वीसपैकी निम्म्या लोकांना तो प्रवास थोडाफार किंवा अगदी स्पष्ट "आठवू" लागला. फोटोकडे आपण पुरावा म्हणून पाहतो. त्याच्यापुढे आपली आठवण निमूटपणे बाजूला सरते.

इथे मला आपल्या न्यायदर्शनाचा आधार वाटतो. न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला म्हणून आग आहे असं ओळखलं ते अनुमान. सारखेपणावरून कळलं ते उपमान. आणि विश्वासू माणसाने सांगितलं म्हणून कळलं ते शब्द. फोटोला आपण यातल्या पहिल्या वर्गात बसवतो. "फोटोच आहे की!" म्हणजे डोळ्यांनी पाहिल्यासारखंच. पण खरं पाहता फोटो प्रत्यक्ष नाही. तो आपण न पाहिलेल्या क्षणाबद्दल दुसऱ्याने आपल्याला केलेलं निवेदन आहे. म्हणजे तो शब्द आहे, आणि शब्दाची किंमत सांगणाऱ्यावर ठरते.

असा सांगणारा कोण, तर आप्त. ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मराठीत मात्र याच शब्दाचा अर्थ नातेवाईक असा झाला. आप्तेष्ट, आप्तस्वकीय. मला हे फार आवडतं. म्हणजे नातेवाईक कोण, तर ज्याच्या सांगण्यावर विसंबता येतं तो. निदान असायला हवा तो!

या कसोटीवर अण्णांचा वाकडा फोटो खरा ठरतो, तो त्यात रंग बरोबर आहेत म्हणून नव्हे. त्यांच्या मागे एक माणूस उभा आहे, जो म्हणतो, मी तिथे होतो, पाणी निळं नव्हतं, फोटो वाकडा आला आहे आणि का आला ते हे असं. खाली सही. निळा फोटो त्याहून कितीतरी देखणा आहे, पण त्याच्या मागे असं म्हणणारं कोणीच नाही. त्या दिवशी तिथे असं ऊन होतं हे कोणी पाहिलेलंच नाही. सही नसलेली नोट.

शब्द चुकूही शकतो, हे मला मान्य आहे. याच तळ्याचं बघा. १८९९ साली वॉल्टर विल्कॉक्स तिथे पोचला. तोंडाशी पडलेला दगडांचा मोठा ढीग पाहून तो हिमनदीने आणून टाकला असावा असं त्याला वाटलं. अशा ढिगाला इंग्रजीत मोरेन म्हणतात, म्हणून नाव मोरेन लेक. पुढे भूशास्त्रज्ञांचं मत असं झालं की तो ढीग बहुधा शेजारच्या टॉवर ऑफ बॅबेल नावाच्या डोंगराची दरड कोसळून झाला आहे. म्हणजे नावच चुकीचं! पण विल्कॉक्सने जे पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगितलं होतं, स्वतःच्या नावावर सांगितलं होतं. म्हणून तर ते नंतर तपासता आलं. प्रामाणिक चूक दुरुस्त होऊ शकते. जिच्यामागे सांगणाराच नाही अशा देखण्या चित्राची दुरुस्ती कोण आणि कशावरून करणार?

आणि शब्द हरवला की काय होतं, तेही तिथेच दिसतं. १८९० च्या दशकात सॅम्युएल अ‍ॅलनने त्या दहा शिखरांना तिथल्या स्टोनी नाकोडा लोकांच्या भाषेतल्या एक ते दहा या अंकांची नावं दिली होती. पुढे बहुतेक शिखरांना कोणाकोणाची नावं लावली गेली. आज नकाशावर त्या भाषेतले तीनच अंक उरले आहेत: तोन्सा म्हणजे चार, नेप्टुआक म्हणजे नऊ आणि वेन्कचेम्ना म्हणजे दहा. दगड तेच, बर्फ तेच, फोटोही तसाच येतो. पण एक, दोन, तीन कोणाच्या भाषेत मोजले होते, हे कुठलाच फोटो सांगत नाही.

आता आईचं काय करायचं? तत्त्व कितीही पटलं तरी एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला फोनवरून "तुझी आठवण खोटी आहे" असं सांगायचं का? आपल्याकडच्या प्रसिद्ध सुभाषिताचा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो: कडू असेल तर खरंही बोलू नये. त्याच सुभाषिताचा पुढचा भाग आपण सोयीने विसरतो. गोड असलं तरी खोटंही बोलू नये, असं ते बजावतं. म्हणजे गप्प राहण्याची मुभा आहे, पण निळं तळं रंगवण्याची नाही.

मी शेवटी असं केलं. तिची चूक काढली नाही. पुढच्या रविवारी म्हटलं, "आई, अण्णांनी त्या फोटोच्या मागे काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?" आणि वाचलं. "सौ. चा पाय घसरत होता" इथे ती हसली. मग थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एक हातमोजा माझा गाडीतच राहिला होता. हात असा गारठला होता! त्यांनी तो त्यांच्या कोटाच्या खिशात घेतला. खिशात सुटे पैसे होते, गारगार लागत होते." हे फोटोत नाही आणि अण्णांच्या चार ओळींतही नाही. तीस वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. क्षणभराने तिने वाक्य पुरं केलं, "आणि तळं काय निळं होतं!"

मी त्यावर काही बोलले नाही. माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहू शकतात, आणि सगळं निस्तरणं हे आपलं काम नव्हे. पण एक मला स्वच्छ दिसलं. निळ्या फोटोकडे पाहून आई खूश होत होती, आणि तिथेच थांबत होती. ती शालूची गोष्ट दर वेळी तीच असायची. अण्णांच्या शब्दांनी मात्र तिला पुढे नेलं, खिशातल्या सुट्या पैशांपर्यंत. गोड खोट्याचा मोठा तोटा हाच असावा. दुखवत नाही, पण त्याला पुढे वाट नसते.

हे मुलाला सांगितल्यावर मार्ग त्यानेच काढला. त्याने अण्णांच्या अक्षराचीही तेवढीच मोठी प्रिंट काढली आणि पुण्याला पाठवली. दादाने ती निळ्या फोटोच्या खाली लावली आहे. आणि निळ्या फोटोच्या कोपऱ्यात, जोडफोटोवाल्यासारखं, आता लिहिलं आहे: "रंग नातवाने भरले." त्याखाली त्याची सही. आता तोही फोटो माझ्या दृष्टीने खरा आहे. तो तळ्याबद्दल काही सांगत नाही, नातवाबद्दल सांगतो, आणि त्याची जबाबदारी घेतो.

हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे असं मी सुरुवातीला म्हटलं. देश सोडून आलेल्या पिढीने घरी काय पाठवलं ते आठवून पाहा. नायगाराचे, बर्फातल्या ख्रिसमसचे, नव्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिलेले फोटो. उणे तीस तापमानात बस न आल्याने थांब्यावर रडू आलं, त्याचा फोटो कोणी काढला? नोकरी गेली तेव्हाचा? गणपतीच्या दिवशी एकटीने वरणभात खाल्ला त्या संध्याकाळचा? आणि तिकडून काय आलं? "इकडे सर्व क्षेम." पडून हाड मोडलं ते प्लास्टर निघाल्यावर कळायचं. दोन्हीकडून निळी तळी. फसवण्यासाठी कोणी पाठवली नाहीत, मायेपोटीच पाठवली. पण वर्षानुवर्षं असं झालं की एकमेकांचे आप्त असूनही शब्द देणारे आप्त आपण उरत नाही. मग कोणीतरी जातं, आणि कपाटातून अल्बम निघतात. सगळे हसरे, सगळे निळे. आणि मुलं विचारतात, "ही कोण? हे कुठे? त्या दिवशी काय झालं होतं?" उत्तर देणारं कोणी नसतं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्ससारखा काटेकोर माणूससुद्धा त्या चंद्राच्या फोटोची तारीख लिहून ठेवायला विसरला. त्याने वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी सालं सांगितली, आणि शेवटी खगोलाच्या अभ्यासकांना चंद्राच्या जागेवरून गणित मांडून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख ठरवावी लागली. आपल्या फोटोंसाठी एवढं गणित कोणी करणार नाही.

२०२३ पासून मोरेन लेकला खासगी गाडी नेता येत नाही, शटल बसने जावं लागतं. बस भरभरून लोक त्याच दगडांवर चढतात आणि तोच निळा फोटो घेऊन उतरतात. जरूर घ्यावा. निळा दिसला तर भाग्यच आहे. रंगही हवे तर भरा, त्यात पाप नाही. फक्त भरले असं लिहा. आणि या दिवाळीच्या सुट्टीत घरातले दहा फोटो काढा, संगणकात असले तर कागदावर उतरवा, आणि त्यांच्या मागे चार ओळी लिहा. तारीख लिहा. हवा कशी होती ते लिहा. कोण चौकटीत नाही पण तिथे होतं, ते लिहा. वाकडा आला असेल तर का आला, तेही लिहा. आणि खाली सही करा.